थरच्या आडवाटांवर भाड्याच्या गाडीने एकटीने सहा दिवस

यंदाच्या फेब्रुवारीत जोधपूरमध्ये स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणारी गाडी घेऊन मी थरच्या वाळवंटात सहा दिवस एकटीने फिरले. ओसियां, फलोदी, खीचन, रामदेवरा, पोकरण, जैसलमेर, खुरी, सम आणि परतताना देवीकोटवरून पुन्हा जोधपूर असा हा सुमारे साडेआठशे किलोमीटरचा फेरा झाला. त्यातला निम्म्याहून अधिक भाग मी महामार्ग सोडून गावांना जोडणाऱ्या अरुंद डांबरी रस्त्यांवरून केला. हे परीक्षण गाडी भाड्याने देणाऱ्या सेवेचे आहे आणि त्या रस्त्यांचेही, कारण गाडी चांगली होती की नाही हे ती कोणत्या वाटेवर चालवली यावरच ठरते. आपल्या घाटांमधून वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्या, पण वाळवंटात एकटे जावे की नाही अशा विचारात अडकलेल्या वाचकांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, मी थोडे सविस्तर लिहीत आहे.

जोधपूरला येणारे बहुतेक पर्यटक चालकासह गाडी ठरवतात, महामार्गाने पाच तासांत जैसलमेर गाठतात, संध्याकाळी समच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटावर बसतात आणि दुसऱ्या दिवशी परततात. त्यात गैर काही नाही. मात्र चालकालाही त्याचा दिवस असतो, त्याला वेळेवर जेवायचे असते, मुक्कामी पोहोचायचे असते. एका खेजडीखाली अर्धा तास गाडी उभी ठेवून नुसते बसून राहायचे आहे, असे त्याला सांगताना आपल्यालाच अवघड वाटते. मला हवे होते ते असे थांबणे. वाळवंट चालत्या गाडीतून फारसे दिसत नाही. इंजिन बंद केले, काचा खाली केल्या आणि काही वेळ गेला की मग सेवण गवतातून एखादे चिंकारा मान वर करते. ही मोकळीक मिळण्यासाठी गाडी स्वतःच्या हाती असणे आवश्यक होते आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल तेवढ्यातच आहे.

मी ज्यांच्याकडून गाडी घेतली तो जोधपूरमधील एक लहान घरगुती व्यवसाय आहे. पुढे त्यांच्याविषयी एक तक्रार लिहायची असल्याने नाव देत नाही. पण कोणाकडूनही गाडी घेताना काय पाहावे, हे त्यांच्या उदाहरणावरून सांगता येईल. सर्वांत आधी नंबरप्लेट पाहावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने द्यायच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कमी भाड्यात मिळत असली तरी ती घेऊ नये, कारण तशी गाडी भाड्याने देणे नियमाबाहेरचे आहे आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न आपल्याच गळ्यात येतो. माझ्या गाडीची पाटी काळी होती, विम्याची आणि प्रदूषण तपासणीची कागदपत्रे गाडीतच होती आणि फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम होती. पाच हजार रुपयांची अनामत घेतली गेली आणि तिची पावती मला न मागता मिळाली.

गाडी ताब्यात देणाऱ्या गृहस्थांनी माझ्यासाठी जवळजवळ पाऊण तास दिला, ही गोष्ट मला आवर्जून नोंदवावीशी वाटते. गाडीवरील जुने ओरखडे आम्ही दोघांनी मिळून पाहिले आणि त्यांची छायाचित्रे घेतली. त्यानंतर त्यांनी माझा मार्ग विचारला आणि आडवाटांचे नाव काढताच आत जाऊन लहान फावडे, दोन फूट लांबीच्या दोन फळ्या आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप आणून डिकीत ठेवला. “बाईसा, वाळूत चाक फिरायला लागले की वेग वाढवू नका, आधी उतरा,” एवढेच त्यांनी मला पुन्हा पुन्हा बजावले. या वस्तूंचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. मोठ्या शहरांत ॲपवरून गाडी घेतली की चकचकीत गाडी मिळते, पण पुढे रस्ता कसा आहे हे सांगणारे माणूस मिळत नाही. येथे ते मिळाले.

भाड्याच्या पद्धतीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. दिवसाला तीनशे किलोमीटरची मर्यादा आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला जादा आकार, असा त्यांचा करार होता. महामार्गाने धावणाऱ्यांना तो परवडतो. आडवाटांवरून जाणारा माणूस मात्र दिवसभरात दीडशे किलोमीटरही जात नाही आणि न वापरलेल्या अंतराचेही पैसे भरतो. शिवाय दिवस मोजूनच भाडे द्यायचे असल्यामुळे लवकर परतावे असे नकळत वाटू लागते. कमी अंतराचा आणि कमी भाड्याचा एखादा पर्याय ठेवावा, असे मी गाडी परत करताना सुचवले आहे.

आता तक्रार. निघताना मी चारही चाकांतील हवा तपासून घेतली, पण स्टेपनी पाहिली नाही आणि त्यांनीही दाखवली नाही. तिसऱ्या दिवशी पोकरणला पंक्चरच्या दुकानात सहज तपासायला सांगितले, तेव्हा त्या चाकात निम्मीही हवा नसल्याचे आणि त्याचा वॉल्व्ह गळत असल्याचे आढळले. पन्नास रुपयांत काम झाले. तरीही त्याआधीचे दोन दिवस, मोबाइलची रेंज नसलेल्या रस्त्यांवर, मी निरुपयोगी स्टेपनी घेऊन फिरत होते हे लक्षात आल्यावर मला मनापासून राग आला. फळ्या आणि फावडे आठवणीने देणाऱ्या माणसांकडून ही चूक व्हायला नको होती.

पहिल्या दिवशी जोधपूरहून ओसियांपर्यंतचे पासष्ट किलोमीटर सहज गेले. ओसियांचे महावीर मंदिर आठव्या शतकातील आहे, गुर्जर-प्रतिहारांच्या काळातले. टेकडीवरील सच्चियाय मातेच्या मंदिरातून खाली पाहिले की गावाच्या कडेलाच वाळूच्या टेकड्या सुरू झालेल्या दिसतात. तेथून लोहावटमार्गे फलोदीकडे जाताना मी दोनदा मुख्य रस्ता सोडला. दोन्ही बाजूंना बाजरीची कापून झालेली शेते, मध्येच एखादी खेजडी आणि कुंपणाला बोराटीच्या काट्या, एवढेच दृश्य तासभर चालते आणि तरी कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक वळणावर वाळूचा रंग थोडा बदलतो. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची भाजी येथे रोजच्या जेवणात असते आणि तिचा पाला शेळ्या-उंटांना जातो. याच झाडांसाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसांनी प्राण दिले. शेताच्या मधोमध उभे असलेले ते झाड नांगरताना कोणी तोडत नाही, हे दिवसभर पाहत गेल्यावर त्या घटनेचा अर्थ मला अधिक कळला.

फलोदी हे २०१६ च्या मे महिन्यात ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलेले गाव. म्हणून या भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फार तर मार्चच्या सुरुवातीपर्यंतच जावे; मार्चच्या मध्यानंतर एकट्याने या वाटांवर जाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. मी रात्री फलोदीत राहिले आणि पहाटे जवळच्या खीचनला गेले. मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे कांड्या करकोचे, ज्यांना मारवाडात कुरजां म्हणतात, येथे हिवाळाभर हजारोंच्या संख्येने उतरतात. गावातील जैन कुटुंबांच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी गावातच एक कुंपण घातलेला चुग्गाघर केला आहे आणि तेथे रोज धान्य टाकले जाते. सूर्य वर येताना आकाशात त्यांच्या रांगा दिसू लागल्या, आवाज वाढत गेला आणि मग एकेक थवा खाली उतरू लागला. मारवाडी लोकगीतांत परदेशी गेलेल्या पतीला निरोप धाडायला विरहिणी कुरजांनाच का बोलावते, ते त्या आवाजातली ओढ ऐकल्यावर समजले. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. गर्दी वाढण्याआधी जाऊन यावे. चुग्गाघराजवळ गाडी नेऊ नये, गावाच्या वेशीवर ठेवून चालत जावे. पक्षी दाणे टिपून तळ्यांकडे गेल्यावर तेथे मागून जाण्याचाही मोह टाळावा.

रामदेवरा आणि पोकरण मी एकाच दिवसात केले. पोकरणचे नाव १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे सर्वांना ठाऊक आहे, पण प्रत्यक्षात पाहण्यासारखा आहे तो तेथील लाल दगडाचा किल्ला आणि कुंभारवाड्यातील मातीकाम, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. चाचण्यांचा परिसर लष्कराच्या ताब्यात आहे. त्या दिशेने जाणारी वाट नकाशात दिसली तरी घेऊ नये. पोकरण ते जैसलमेर हे एकशे दहा किलोमीटर मी महामार्गानेच गेले. रस्ता उत्तम, सरळ आणि लक्षात न राहणारा.

जैसलमेरविषयी इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात आटोपते. ११५६ मध्ये रावळ जैसल यांनी वसवलेला हा किल्ला आजही माणसांनी भरलेला आहे. गाडी किल्ल्यात नेण्याचा विचारही करू नये. खाली वाहनतळावर ठेवावी आणि मुक्कामही खालच्या गावात करावा, म्हणजे पुरातन किल्ल्यावर सांडपाण्याचा आणखी भार पडत नाही. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे मरू महोत्सव भरतो. शांत रस्त्यांसाठी येणाऱ्यांनी ते दिवस टाळलेले बरे.

माझ्या दृष्टीने प्रवासाचा खरा भाग जैसलमेरच्या पश्चिमेला सुरू झाला. कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेले गाव आता तिकीट लावून दाखवले जाते आणि मार्गदर्शक भुताखेतांच्या गोष्टी सांगतात. त्या ऐकण्यापेक्षा खाभाच्या बाजूला गाडी न्यावी आणि पालीवालांची खडीन पाहावी, असे मी सुचवेन. खडीन म्हणजे उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी सखल जमिनीत अडवण्यासाठी घातलेला मातीचा लांबच लांब बांध. पावसाळ्यात तेथे पाणी साचते, हळूहळू जमिनीत मुरते आणि हिवाळ्यात त्याच ओलीवर गहू-हरभरा घेतात, वरून एक थेंबही पाणी न देता. वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या प्रदेशात, चहूकडे पिवळे दगड आणि वाळू असताना, एका वळणानंतर अचानक हिरव्यागार हरभऱ्याचा पट्टा समोर आला तेव्हा मी गाडी थांबवून बराच वेळ त्या बांधावर बसले. मी सोलापूरची. कोरडवाहू शेती, टँकर, आटलेल्या विहिरी हे सगळे लहानपणापासून पाहिलेले. आमच्यापेक्षा कितीतरी कमी पावसात पिढ्यान्‌पिढ्या पीक घेणाऱ्या त्या बांधापुढे मला हात जोडावेसे वाटले, आणि मी ते जोडले.

खुरीला मी दोन रात्री एका घरात राहिले. शेणामातीने सारवलेली गोल झोपडी, अंगणात खाट, जेवणाला बाजरीचा सोगरा, केर-सांगरी (केर म्हणजे एका काटेरी झुडपाचे फळ) आणि कढी. घरातल्या सासूबाईंनी मी एकटी कशी आले, घरी कोणी रागावले नाही का, हे तीन वेळा विचारले आणि तिसऱ्या वेळी माझ्या सोगऱ्यावर तुपाची आणखी एक धार धरली. वाटेतही हाच प्रश्न अनेकांनी विचारला, पण त्या विचारण्यात मला काळजीच दिसली. सहा दिवसांत कोणी त्रास दिला नाही. रोज मुक्कामाच्या ठिकाणी आधी फोन करून पोहोचण्याची वेळ सांगून ठेवावी, हा नियम मी पाळला आणि तो फार उपयोगी पडला. एकदा उशीर झाला तेव्हा त्या घरचा मुलगा मोटरसायकल घेऊन मला शोधायला निघालाही होता.

उशीर झाला तो माझ्याच चुकीने. खुरीहून सुदासरी या वनखात्याच्या राखीव भागाकडे जाणारा रस्ता एकच गाडी मावेल एवढा आहे आणि त्याच्या दोन्ही कडांना मऊ वाळू आहे. समोरून ट्रॅक्टर आला, मी सौजन्याने दोन्ही डावी चाके खाली घातली आणि ट्रॅक्टर निघून गेल्यावर लक्षात आले की पुढचे चाक जागच्या जागी फिरत आहे. जोधपूरच्या गृहस्थांचे शब्द आठवले आणि मी पाय काढून घेतला. चाकांतील हवा तेहेतीसवरून वीसवर आणली, पुढची वाळू फावड्याने काढली, फळ्या सरकवल्या. पहिल्या प्रयत्नात गाडी हलली नाही. तेवढ्यात मेंढ्या घेऊन चाललेले एक आजोबा आणि त्यांचा नातू थांबले. त्यांनी खींपाच्या वाळक्या काटक्या आणून फळ्यांपुढे पसरल्या, मागून जोर लावला आणि गाडी डांबरावर आली. मी पैसे देऊ केले तेव्हा आजोबांनी हात मागे घेतला आणि पाणी मागितले. माझ्याकडे वीस लिटरचा कॅन होता. त्या दिवसापासून मी समोरून वाहन दिसले की आधीच पक्की जागा पाहून थांबू लागले. पंपाने चाके पुन्हा भरायला वीस मिनिटे लागली. तो पंप नसता तर कमी हवेच्या चाकांवर कित्येक किलोमीटर जावे लागले असते आणि टायर खराब झाले असते.

याच रस्त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मला माळढोक दिसला. हा सगळा भाग ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात येतो. सुदासरीच्या कुंपणाच्या आत जायचे तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. मी सार्वजनिक रस्त्यावरच थांबले होते. इंजिन बंद करून चाळीस मिनिटे झाली असतील, दूर गवतात एक उंच, तपकिरी-पांढरा पक्षी डोके वर करून संथपणे चालत गेला. लहानपणी वडील मला नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पाहायला नेत असत. पुढे तेथे पक्षी दिसणे दुर्मीळ होत गेले आणि वडीलही गेले. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो राज्यपक्षी आहे. जैसलमेरच्या आसपास पवनचक्क्या आणि सौरऊर्जेच्या तारांचे जाळे पसरले आहे; जड शरीराच्या आणि सरळ समोरचे नीट न दिसणाऱ्या या पक्ष्याला त्या तारा वेळेवर चुकवता येत नाहीत. सम आणि रामदेवरा येथे त्यांच्या कृत्रिम प्रजननाचे काम सुरू आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले, ही आशेची बाजू आहे. गाडीतून खाली न उतरता, दुर्बिणीतून, तो गवताआड जाईपर्यंत मी पाहत राहिले. चालकासह ठरवलेल्या गाडीत ही चाळीस मिनिटे मला मिळाली नसती.

सम मात्र मला आवडले नाही. टेकड्या सुंदर आहेत, पण जीप, चारचाकी मोटरसायकली आणि तंबूंच्या छावण्यांतील कर्णकर्कश गाणी यांत वाळवंट हरवून जाते. मी तेथे चहा घेऊन निघाले.

परतीचा मार्ग आकल, देवीकोट आणि सांकडा असा घेतला. आकलला अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्यावर पडलेले आहेत. अर्धा तास पुरतो. देवीकोटच्या पूर्वेला देगराय मातेचे ओरण लागते. ओरण म्हणजे आपली देवराई, फरक इतकाच की येथे गर्द झाडीऐवजी मैलोन्‌मैल गवत, केर आणि बोरी आहेत आणि त्यांत उंट मोकळे चरतात. रोहिड्याला नुकतीच नारिंगी फुले येऊ लागली होती. सहा दिवसांतला सर्वांत शांत रस्ता हाच: दोन तासांत मला तीन वाहने भेटली.

अशा प्रवासाला निघणाऱ्यांनी काही गोष्टी मनावर घ्याव्यात. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा, पण त्याने दाखवलेल्या सर्वांत जवळच्या वाटेवर विश्वास ठेवू नये. पुष्कळदा ती वाट शेवटी कच्ची होते. गावात विचारून पुढे जावे. सीमेजवळच्या काही भागांत परवानगी लागते, तिची चौकशी जैसलमेरलाच करावी. पेट्रोल अर्धे झाले की भरावे. आणि अंधार पडल्यावर या रस्त्यांवर गाडी चालवू नये, कारण उंटाचे पाय इतके उंच असतात की दिव्यांचा उजेड त्याच्या पोटाखालून निघून जातो आणि धडक बसली तर त्याचे धड थेट समोरच्या काचेवर येते.

सेवेला मी पाचपैकी चार गुण देते; एक गुण स्टेपनीसाठी कापला आहे. गाडी परत करताना मी ती बाब सांगितली, तेव्हा त्यांनी सबबी न सांगता चूक मान्य केली, पोकरणचे पन्नास रुपये हातावर ठेवले आणि अनामत त्याच संध्याकाळी खात्यात जमा केली. पुढच्या वर्षी रोहिडा पूर्ण फुललेला असताना, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात, मी हीच गाडी मागितली आहे. त्या वेळी देगरायच्या ओरणात दोन दिवस काढायचे ठरवले आहे.